पूर ओसरल्यानंतरचे दिवस
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



पूरग्रस्तांसाठी आपण जो निधी रुग्णालयाकडे सुपूर्द केला, त्याचा विनियोग कसा व्हावा याविषयी वैद्यकीय दृष्टीने चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची सूचना होती. जमाखर्च अहवालात छापला जाईलच. मला बोलावयाचे आहे ते पैसा कोणत्या महिन्यात खर्च व्हावा, याविषयी.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांची ओळख उर्वरित महाराष्ट्राला बहुधा दुष्काळामुळे आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ही गोष्ट देशभर गाजली. त्यामुळे पूर हा आपल्याकडे अपवाद समजला जातो. परंतु ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी गोदावरीत सोडावे लागले आणि पैठणपासून नांदेडपर्यंतचा नदीकाठ पाण्याखाली गेला. सप्टेंबर २०२१ अखेर मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले. २०२५ साली तर एकाच पावसाळ्यात ऑगस्टमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये पाणी आले. यास अपवाद म्हणणे आता कठीण आहे.

धरणातून सोडलेल्या पाण्याला निदान वाट चालावी लागते. पैठणला सुटलेले पाणी नांदेडला येईपर्यंत गावे हलविता येतात. १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री मुखेड तालुक्यात जे घडले ते निराळे होते. तेथे २०६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लातूर, उदगीर आणि कर्नाटकाच्या बाजूचे पाणीही लेंडी नदीत उतरले. लेंडी धरणाची घळभरणी त्याच वर्षी झाली होती आणि पुनर्वसन अपुरे असल्याचे ग्रामस्थांचे म्हणणे होते. हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत लोक झोपेत असताना पाणी शिरले. राज्य आपत्ती प्रतिसाद दल आले, छत्रपती संभाजीनगरहून सैन्याची तुकडी आली. परंतु अशा रात्री पहिला हात शेजाऱ्याचाच असतो. हसनाळमध्ये काही जण वाचू शकले नाहीत.

त्यानंतरचे आठ दिवस मदतीला तोटा नसतो. धान्य, चादरी, पाण्याच्या बाटल्या यांच्या गाड्या येतात. कपड्यांचे गठ्ठे तर, स्पष्ट बोलतो याबद्दल क्षमा असावी, गरजेपेक्षा अधिकच येतात. आजारांचे वेळापत्रक मात्र या गाड्यांच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. अतिसार व पटकी प्रथम येतात, काही तासांपासून पाच दिवसांत. उंदरांच्या व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून अनवाणी चालल्याने होणारा लेप्टोस्पायरोसिस साधारणतः एक-दोन आठवड्यांनी दिसतो. त्याच सुमारास साचलेल्या पाण्यात डास वाढू लागतात. कावीळ सर्वांत सावकाश येते. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या ई प्रकारच्या काविळीस लक्षणे दिसावयास दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे सप्टेंबरअखेरच्या पुरात प्यालेल्या पाण्याची कावीळ डिसेंबरमध्येही येऊ शकते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ही कावीळ झाल्यास शंभरातील वीस ते पंचवीस माता दगावतात. त्या वेळी गावात मदतीची एकही गाडी उभी नसते.

यावर उपाय महागडे नाहीत. बुडालेल्या विहिरीचा उपसा करून तिच्यात टीसीएल पावडर टाकावयाची, अर्धा-एक तास थांबावयाचे आणि ओटी चाचणीत पाणी पिवळे होते की नाही ते पाहावयाचे. हे काम ग्रामपंचायतीचे आहे व बहुतेक गावांतून ते पहिल्या आठवड्यात होतेही. अडचण पुढे येते. ओल लागलेल्या पोत्यातील पावडरीचा जोर उतरलेला असतो, चाचणीचे द्रावण संपलेले असते आणि विहिरीचे पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागल्याने कोणास त्याची आठवण राहत नाही. विंचू-सर्पदंशाचेही तसेच. बिळांत पाणी शिरल्याने साप घरांत व शाळांच्या निवाऱ्यांत येतात. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसास दंश करते आणि तो पुष्कळदा कळतही नाही. अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी येथे डास व साप या दोहोंपासून रक्षण करते. चादरींच्या जोडीने मच्छरदाण्या दिल्या तर किती बरे होईल!

येथे रुग्णांच्या नातेवाइकांना एक जुनी हकीकत सांगावीशी वाटते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून ते रुग्णांच्या आप्तांच्याच हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांखाली आले. परिचारिका पुरेशा नव्हत्या. पाजण्याचे काम आयांनी व भावंडांनी केले.

लातूर जिल्ह्यासही असा अनुभव आहे, पण तो आपण विसरत चाललो आहोत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, हे सर्वश्रुत आहे. याखेरीज हजाराहून अधिक गावांत घरे उभी होती, पण खिळखिळी झाली होती. तेथे दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करावयाचे होते. त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमले गेले आणि स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने ती व्यवस्था उभी करण्यास साहाय्य केले. अनुदान कसे मिळते, भिंत कशी बांधावयाची, तक्रार कोठे न्यावयाची, हे या स्त्रिया घरोघर सांगत. आज प्रत्येक गावात आशा कार्यकर्ती आहे व बचत गट आहेत. गावात कोण कितव्या महिन्याची गरोदर आहे, क्षयाची औषधे कोणास चालू आहेत, इन्शुलिन कोण घेतो, डायलिसिससाठी शहरात कोणास जावे लागते, ही यादी आशाताईजवळ मृगापूर्वी कागदावर तयार व प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली असेल, तर नावेतून प्रथम कोणास न्यावयाचे हा प्रश्नच उरणार नाही. मोबाईलवरील यादीचा भरवसा नाही, वीज पहिल्या तासात जाते.

आता पैशाचा प्रश्न. पुराची झळ आमच्या बाह्यरुग्ण विभागास कार्तिकात लागते. सप्टेंबरच्या पुराने सोयाबीनच्या बनिमी वाहून जातात किंवा शेतातच कुजतात. मांजरा, तेरणा, लेंडीच्या काठी पिकाबरोबर मातीही गेली. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, त्यात खरडून गेलेल्या जमिनीस हेक्टरी ४७ हजार रुपये रोख व रोजगार हमी योजनेतून ३ लाख रुपयांपर्यंतची कामे यांचा समावेश होता. ते आवश्यकच होते. परंतु काळी माती पुन्हा भरून शेत पिकते होण्यास काही वर्षे जातात. हाती आलेल्या पैशातून रब्बीचे बियाणे घ्यावे की वडिलांची शस्त्रक्रिया करावी, असा पेच घेऊन लोक आमच्यासमोर बसतात. बहुतेक जण शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. रक्तदाबाच्या गोळ्या तर कोणास न सांगता बंद होतात आणि माघ-फाल्गुनात तोच मनुष्य पक्षाघाताने दाखल होतो.

धर्मादाय रुग्णालय म्हणून आपण दहा टक्के खाटा निर्धनांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवतो, बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. या सवलतीस शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. पुरात प्रथम भिजते ती कागदांची पेटी. आणि ज्याच्या सातबाऱ्यावर पाच एकर जमीन आहे, तो कागदोपत्री निर्धन ठरत नाही, मग त्या पाच एकरांत मुरूम उघडा पडलेला असला तरी! नियम मोडावा असे मी सुचवीत नाही. नियमांत न बसणाऱ्या या माणसासाठीच आपला देणगीनिधी आहे, असे माझे मत आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे विनंती ठेवतो. पूरनिधीतील निम्म्याहून अधिक रक्कम पाणी ओसरल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यापासून पुढील फाल्गुनापर्यंत राखून ठेवावी. तीतून काविळीच्या तपासण्या, गरोदर स्त्रियांच्या फेरतपासण्या, दीर्घ आजारांची औषधे व अडलेल्या शस्त्रक्रिया यांचा खर्च व्हावा. पूरबाधित गावांतून आलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर तशी नोंद करावी आणि कागद हरवले असल्यास तलाठ्याचा पंचनामा व सरपंचाचे पत्र यांवर आपल्या समाजसेवा अधीक्षकांनी सवलत मंजूर करावी. देणगीदारांपैकी ज्यांची इच्छा पहिल्या आठवड्यातील मदतीचीच असेल, त्यांनी पावतीवर तसे लिहावे. त्यांच्या पैशातून मच्छरदाण्या व टीसीएलची बंद पाकिटे घेऊन ती मे महिन्यातच मुखेड, देगलूर, निलंगा व रेणापूर येथे पोहोचविण्याची व्यवस्था आपणास करता येईल.