जमिनीला टेकलेल्या गाड्या आणि आपले रस्ते

(मंडळाच्या सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर हा विषय पाहून काही ज्येष्ठांनी आम्हांला विचारले, "भाषेचा प्रश्न आहे, शाळांचा आहे, जमिनींचा आहे. ते सोडून हे गाड्यांचे खूळ कशाला घेतलेत?" प्रश्न रास्त आहे. पण या गाड्या बाहेरून आलेल्या नाहीत, त्या आपल्याच घरांच्या अंगणात उभ्या आहेत. ज्या घरात आजोबांनी पहिली सायकल आणली, वडिलांनी पहिली स्कूटर आणली, त्याच घरातला नातू आज गाडीच्या स्प्रिंगा कापून ती जमिनीला टेकवतो आहे. तेव्हा घरातला विषय म्हणूनच आम्ही तो मांडत आहोत.

आधी हे काय असते ते ज्येष्ठांसाठी सांगतो. साधी घरगुती मोटार रिकामी असताना तिचे पोट जमिनीपासून साधारण 16 ते 18 सेंटिमीटर वर असते. हौशी मुलगा गॅरेजमध्ये जाऊन मूळ स्प्रिंगा काढून आखूड बसवतो, किंवा पैसे वाचवायचे तर आहेत त्याच कापून घेतो. गाडी खाली बसते, चाके मडगार्डाच्या आत शिरतात आणि ती शर्यतीच्या गाडीसारखी दिसू लागते. दिसते छान, हे आम्हीही मान्य करतो. पण स्प्रिंग कापली की ती ताठ होते आणि तिला दबायला जागा उरत नाही. खड्डा आला की तडाखा सरळ सांगाड्याला बसतो, टायर मडगार्डाला घासतो, आणि चाक उसळून जमीन सोडते तेवढा वेळ ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी होतात.

मुलगे म्हणतात, "गाडी आमची, पैसे आमचे, मोडली तर आमची मोडेल. इतरांना काय त्रास?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांला एका फेरीधक्क्यावर मिळाले. ओहोटी होती, त्यामुळे धक्क्याचा उतार नेहमीपेक्षा जास्त होता. आमच्याच नात्यातल्या एका मुलाची खाली बसवलेली गाडी फेरीबोटीच्या फळीवर चढताना पोटावर अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मागे दहा-बारा दुचाक्या, मासळी घेऊन निघालेल्या दोन बायका, आणि एका मोटारीत इस्पितळातून घरी परतणारी म्हातारी. सगळ्यांनी उतरून गाडी उचलली, कोणी वाईट शब्द बोलले नाही. मुलगा मात्र मान खाली घालून उभा होता. त्या दिवशी गाडी मोडली नाही, पण पाऊण तास खोळंबा झाला तो इतरांचाच.

खोळंब्यापेक्षा मोठा धोका गतिरोधकावर असतो. तुम्ही पाहिले असेल, अशी गाडी गतिरोधकावरून सरळ जात नाही. पोट घासू नये म्हणून चालक ती तिरकी घालतो, एकेक चाक चढवतो, आणि त्या वेळी गाडीचे तोंड समोरून येणाऱ्यांच्या बाजूला जाते. गतिरोधक कुठे असतात? शाळेपुढे, देवळापुढे, बाजारात. म्हणजे मुलांनी रस्ता ओलांडावा म्हणून जिथे सर्वांनी सावकाश जायचे, तिथेच ही गाडी रस्त्याच्या दोन्ही बाजू अडवते. मागचा दुचाकीवाला कंटाळून बाजूने काढतो, आणि पुढचे सांगायला नको.

यावर मुलांचे उत्तर असते की दोष गतिरोधकांचा आहे. त्यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, सौम्य गोलाईचा असावा. दोन चाकांत अडीच मीटर अंतर असलेली मोटार अशा गतिरोधकाच्या मधोमध आली, तर तिच्या पोटाखाली फुगवटा येतो तो जेमतेम 5 सेंटिमीटरचा. साधी मोटार पाच माणसे घेऊन तिथून सहज जाते, थोडी खाली घेतलेली मोटारही जाते. आपल्या वाड्यांवर मात्र कुणीतरी रातोरात डांबराचा उभट उंचवटा टाकतो, त्यावर पांढरा पट्टा नाही, अलीकडे फलक नाही. अशा उंचवट्यावर सरळ गाडीही घासते आणि गरोदर बाईलाही दणका बसतो. तेव्हा मुलांना दोष देण्याआधी पंचायतीने आणि बांधकाम खात्याने आपले उंचवटे दुरुस्त करावेत. पण मित्रहो, जी गाडी मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावरूनही भरलेली असताना सरळ जाऊ शकत नाही, तिची बाजू कशी घ्यायची? ती सार्वजनिक रस्त्याची गाडी राहिली नाही, असेच म्हणावे लागेल.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा 1988 सालचा. त्यातील कलम 52 मध्ये 2000 साली दुरुस्ती झाली. कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी नोंदणी-पुस्तिकेतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते. केरळमधून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका कायम केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ आले. त्यानुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र कायदा सरसकट बदलाच्या विरोधात नाही. गॅस किट बसवता येते, परवानगीने इंजिन बदलता येते, अपंग व्यक्तीसाठी वाहनात फेरफार करता येतात. गरजेला वाट आहे. ती मागायची कशी, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

म्हणजे या गाड्या आज कायदेशीर नाहीतच. तरीही हा विषय आम्ही राजकीय मानतो, आणि त्याचे कारण डिचोलीकरांना वेगळे सांगायला नको. 2012 साली खाणी बंद पडण्याआधीची ती वर्षे आठवा. डिचोली, साखळी, मये या भागांत क्षमतेपेक्षा जास्त खनिज भरलेले ट्रक रांगेने धावत होते. ताडपत्री नाही, मागून खनिज सांडतेय, घरांच्या भिंती लाल झालेल्या. शाळेत जाणारी मुले गटारात उतरून ट्रकांना वाट देत. तेव्हा कायदा नव्हता का? होता. पण त्या ट्रकांवर अनेक घरांच्या चुली पेटत होत्या, वर मोठे हितसंबंध होते, आणि आम्हीही, खरे सांगायचे तर, गप्प बसलो. आपल्यापैकी कित्येकांचे ट्रक त्या रांगेत होते. आज वीस वर्षांच्या पोराची गाडी चार बोटे खाली आहे म्हणून आम्ही कायद्याचे पुस्तक उघडतो, तेव्हा तो पोर विचारतो, "त्या वेळी पुस्तक कुठे होते?" या प्रश्नापुढे आम्हांला मान खाली घालावी लागते.

बाहेरच्या जगातले एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांत गाड्या खाली बसवून, रंगवून, सावकाश मिरवण्याची जुनी रीत आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तिथे कायदा झाला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्यावर हौशी मंडळींनी हायड्रॉलिक पंप बसवले, म्हणजे हवी तेव्हा गाडी वर, हवी तेव्हा खाली. पुढे मिरवण्यावरही गावोगावी बंदी आली. या नियमांचा वापर आपल्याच वस्तीतल्या मुलांना अडवण्यासाठी होतो, अशी त्या समाजाची तक्रार पिढ्यान् पिढ्या राहिली. शेवटी 2023 मध्ये तिथल्या विधिमंडळाने हे निर्बंध उठवले आणि 1 जानेवारी 2024 पासून तो बदल लागू झाला.

मग गोव्यातही बंदी उठवावी का? आमचे मत नाही असे आहे. तिथल्या त्या गाड्या बटण दाबताच वर येतात. आपल्याकडची कापलेली स्प्रिंग वर येत नाही. आपले रस्ते अरुंद, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे, आणि गुरे, पायी चालणारे, पायलट, बसगाड्या सगळे एकाच पट्ट्यात. पेडण्यात तर मोपा विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये उड्डाणे सुरू झाल्यापासून रस्त्यांवरचा भार वेगळाच आहे. तेव्हा तिथली परवानगी इथे आणू नये. धडा मात्र घ्यावा: नियम सर्वांना सारखा लागला नाही, तर लोक त्याला नियम न मानता आपल्यावर राखलेला डूख मानतात.

म्हणून आमचे म्हणणे असे. सार्वजनिक रस्त्यावर अतिशय खाली बसवलेल्या गाड्यांना मुभा नसावी. पण गाडी किती खाली, हे पोलिसाच्या नजरेवर न राहता मोजून ठरावे. भरलेली गाडी मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावरून सरळ, न घासता गेली पाहिजे, ही साधी कसोटी नियमांत लिहावी अशी शिफारस राज्य सरकारने केंद्राकडे करावी. वाहतूक खात्याच्या तपासणीच्या जागेत असा एक गतिरोधक बांधायला फारसा खर्च नाही. तोच काटेकोरपणा फाटक्या सायलेन्सरच्या मोटारसायकलीला आणि वाजवीपेक्षा जास्त भरलेल्या ट्रकालाही लागावा, ट्रक कोणाचाही असो. खाणी पुन्हा सुरू होत असताना हे आताच बजावले पाहिजे. आणि आपल्या गावचे बेकायदा उंचवटे आधी काढून मानकाप्रमाणे बांधावेत.

तरुणांच्या हौसेला जागाही हवी. शिगम्यात आपण ट्रकाचा चित्ररथ करतो. त्या रूपात तो एरवी रस्त्यावर धावू शकला नसता, पण परवानगीने, ठरलेल्या मार्गाने, त्या संध्याकाळी गाव रस्ता त्याला देतो आणि दुसऱ्या दिवशी परत घेतो. तशीच वर्षातून एक-दोनदा एखाद्या मैदानावर या मुलांना त्यांच्या गाड्या मांडू द्याव्यात, त्या तिथवर दुसऱ्या वाहनावर लादून आणाव्यात. त्यांच्या हातात कसब आहे. नरकासुराचा सांगाडा उभारणारे हात हेच, आणि उद्याचे मेस्त्रीही यांतूनच घडणार आहेत.

शेवटी ज्येष्ठांना एक विनंती. नातवाला चारचौघांत रागावू नका. त्याच्या गाडीत मागच्या सीटवर एकदा बसा, घरातली आणखी दोन माणसे बरोबर घ्या, आणि त्याला शाळेपुढच्या गतिरोधकावरून सरळ न्यायला सांगा. बाकीचे तो स्वतः समजेल. येत्या ग्रामसभेत मांडायच्या ठरावाचा मसुदा कार्यवाहांकडे ठेवला आहे. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या सभासदांनी तो आपापल्या पंचायतीत न्यावा, आणि तो मांडताना शेजारी एका तरुणाला उभे करावे.