हजेरीपटावरची नावं

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघाशी बाईंनी दहावीच्या पटावरून हजेरी घेतली. पंचेचाळिशी ओलांडलेले आपण सगळे "हजर बाई" म्हणून ओरडलो. दोन नावांना उत्तर आलं नाही आणि सगळे गप्प झालो. ते दोघं कधी गेले, कशाने गेले, हे आपल्याला ठाऊक आहे. एवढं ठाऊक असणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते, हे मला टोरांटोत कळलं.

तिथे तीन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर श्रीलंकेतल्या जाफन्याची एक तमिळ सहकारी बसायची. आपल्या शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप बघून ती म्हणाली, "आमच्या वर्गाची हजेरी घेता यायची नाही. कितीतरी जणी कुठे आहेत, आहेत की नाहीत, तेच माहीत नाही."

मी सॉफ्टवेअरवाली. आमचं काम म्हणजे शेवटी याद्या आणि नियम. तिच्या देशातलं यादवी युद्धही मला याद्यांमधूनच समजत गेलं.

1956 साली सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. तमिळ कारकुनांची बढती, कधी नोकरीच, सिंहली येण्यावर ठरू लागली. सत्तरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशाचे नियम बदलले. इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला जायचं तर तमिळ माध्यमाच्या मुलांना जास्त गुण लागू लागले. माझा प्रवेश किती थोडक्यात झाला होता, ते सरांना आठवत असेल. चांगले गुण मिळूनही बाहेर राहिलेल्या मुलांच्या रागावर तिकडे बंदुकीचं राजकारण पोसलं गेलं. 1981 मध्ये जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं. सुमारे 97,000 ग्रंथ आणि जुनी हस्तलिखितं गेली.

जुलै 1983 मध्ये तमिळ बंडखोरांनी 13 सैनिक मारले. त्यानंतर कोलंबोत जमाव तमिळांची घरं-दुकानं जाळत फिरला. त्यांच्यातल्या अनेकांच्या हातात मतदार याद्या होत्या. मत द्यायला नोंदवलेलं नाव घर ओळखायला उपयोगी पडलं. अनेक सिंहली शेजाऱ्यांनी तमिळांना घरात लपवलं, हेही ती आवर्जून सांगायची.

पण याद्या एकाच बाजूने केल्या नाहीत. ऑक्टोबर 1990 मध्ये तमिळ वाघांनी उत्तर प्रांतातल्या सगळ्या मुस्लिमांना हाकललं. जाफन्यात त्यांना निघायला दोन तास दिले. माझ्या सहकारीच्या वर्गात दोन मुस्लिम मुली होत्या. पुढे शाळा भरली तेव्हा बाईंनी ती दोन नावं वगळून हजेरी घेतली. कुणी काही विचारलं नाही. "आम्ही घाबरलो होतो. पण विचारलं नाही, हे खरंच," ती म्हणाली.

मे 2009 मध्ये युद्ध संपलं. शेवटच्या महिन्यांत लाखो माणसं मुल्लैतीवूच्या किनारपट्टीवर कोंडली गेली होती. वाघ त्यांना बाहेर पडू देत नव्हते आणि सैन्याचे तोफगोळे तिथेच पडत होते. वाचलेल्यांना तारेच्या कुंपणातल्या छावण्यांत ठेवलं. आता ग्रंथालय पुन्हा उभं आहे, जाफन्याची रेल्वे 2014 पासून पुन्हा धावते, तमिळही कायद्याने राजभाषा आहे. पण बेपत्ता माणसांसाठी 2016 साली कायदा करून वेगळं कार्यालय काढावं लागलं. किलिनोच्चीत 2017 पासून आया मुलांचे फोटो घेऊन रस्त्याकडेला बसल्या. त्यांना एवढंच हवं होतं, की आपल्या मुलाचं काय झालं ते कुणीतरी सांगावं.

मित्रांनो, आपल्याकडे युद्ध झालं नाही. तरीही आज बाईंनी न घेतलेली काही नावं आहेत. आठवीपर्यंत आपल्यासोबत होती, नंतर पटावरून गेली. कालव्याच्या कामावर आलेल्या मजुरांची ती मुलगी आठवते? तिच्या बोलण्याला आपण हसायचो. मीही हसायचे. ती यायची थांबली, तेव्हा मीही कुणाला विचारलं नाही.

आठवीचा पट मी कार्यालयातून उतरवून आणलाय. जेवणानंतर मागच्या बाकावर बसते. ज्यांना कुणाचा पत्ता, गाव, काहीही ठाऊक असेल, त्यांनी येऊन सांगा.