बैरागडचे डॉक्टर

(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या या मंगल प्रसंगी बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली. संस्थेच्या आजवरच्या वाटचालीचा आढावा चिटणीसांनी घेतलाच आहे, देणगीदारांचे आभारही मानून झाले आहेत. तेव्हा तीच उजळणी न करता एका डॉक्टर दांपत्याची हकीकत आपल्यापुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे. या दांपत्याचा आपल्या संस्थेशी काही संबंध नाही. ते आपल्या गावचे नाहीत, आपल्या प्रांतातलेही नाहीत. परंतु शेजाराचे नाते मात्र आहे, आणि ते तापीमाईने जोडलेले आहे.

तापी मुलताईस उगम पावते हे आपणांस ठाऊक आहे. तेथून निघून मेळघाटच्या डोंगरातले सिपना, खंडू, खापरा, गाडगा, डोलार या नद्यांचे पाणी ओटीत घेऊन ती आपल्या राजघाटाशी येते. म्हणजे जे पाणी आपण आज पितो, ते काल त्या डोंगरावर पडलेले असते. देडतलाईवरून धारणीस जाणारा रस्ताही आपल्या ओळखीचा आहे. आपल्या खकनारच्या बाजूस जे कोरकू बांधव राहतात, त्यांचेच भाऊबंद त्या मुलखात आहेत. त्या धारणी तालुक्यात बैरागड नावाचे एक गाव आहे. डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. सौ. स्मिता कोल्हे यांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे तेथे वेचली. २०१९ साली भारत सरकारने या दोघांस पद्मश्री देऊन गौरविले, तेव्हा त्यांचे नाव सर्वत्र झाले. पण पद्मश्री ही हकीकतीची अखेर झाली. आरंभ पुष्कळ साधा आहे.

डॉ. कोल्हे यांचा जन्म १९६० सालचा, शेगावचा. वडील रेल्वेत नोकरीस. मुलगा नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गेला, तेव्हा घराण्यातला पहिला डॉक्टर होणार, शहरात पाटी लावणार, चार पैसे मिळविणार, असे घरच्यांस वाटले असल्यास नवल नाही. आपल्यापैकी कोणास वाटले नसते? परंतु या तरुणाच्या मनावर गांधीजींचा आणि विनोबांचा पगडा बसलेला होता. त्यातच डेव्हिड वर्नर यांचे, जेथे डॉक्टर नाही तेथे काय करावे हे शिकविणारे पुस्तक त्यांच्या हाती आले. जेथे डॉक्टर नाही अशी जागा शोधावयास त्यांस फार दूर जावे लागले नाही. नागपूरहून एका रात्रीच्या प्रवासात ती सापडण्यासारखी होती.

जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या एका शिक्षकांचा सल्ला घेतला. शिक्षकांनी सांगितले ते आम्हांस फार मोलाचे वाटते. ते म्हणाले, तेथे जावयाचे तर तीन गोष्टी आधी शिकून घे. सोनोग्राफी आणि रक्ताची बाटली हाताशी नसता बाळंतपण करावयास शीक. क्ष-किरणांच्या यंत्रावाचून न्यूमोनिया ओळखावयास शीक. आणि जुलाबाचा उपचार शीक. डॉक्टरांनी सहा महिने मुंबईस काढून या तिन्ही गोष्टी हातात बसविल्या, आणि मगच ते निघाले.

या तीनच गोष्टी का, याचा थोडा खुलासा करणे अवश्य आहे. खेड्यातले मूल दगावते ते बहुधा मोठ्या नावाच्या रोगाने नव्हे. जुलाबात अंगातले पाणी आणि क्षार निघून जातात, त्याने दगावते. त्यावर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढे पुष्कळदा पुरते. मात्र ते वेळेवर आणि घोटाघोटाने पाजावे लागते. न्यूमोनिया ओळखण्यास हाती घड्याळ आणि अंगी धीर असला तरी बरेच साधते. मूल शांत असताना पुरे एक मिनिट त्याचा श्वास मोजावयाचा. दोन महिन्यांवरील पण वर्षाच्या आतील मुलाचा श्वास पन्नास किंवा अधिक भरला, अथवा एक ते पाच वर्षांच्या मुलाचा चाळीस किंवा अधिक भरला, तर धोका समजावा. छाती आत ओढली जात असेल तर एक क्षणही दवडू नये.

बाळंतपणाविषयी तर बुऱ्हाणपूरकरांस आम्ही काय सांगावे? १६३१ च्या जून महिन्यात मुमताज महल आपल्या चौदाव्या बाळंतपणात याच गावी वारली. तापीपलीकडे जैनाबादेच्या बागेत तिचा देह प्रथम ठेविला होता, ती जागा आपण मुलाबाळांस दाखवितो. बादशहाची लाडकी बेगम, सर्व दरबार दिमतीस, आणि तरीही ती वाचली नाही. त्या काळी ती विद्याच कोणाजवळ नव्हती. पुढे विद्या आली, पण ती शहरात येऊन बसली. डोंगरातल्या बाईपुरते १६३१ साल संपावयास आणखी साडेतीनशे वर्षे लागली. कोणीतरी ती विद्या पाठीवर घेऊन डोंगर चढावा लागला, तेव्हा ते संपावयास आरंभ झाला.

डोंगर चढणे हा येथे अलंकार नव्हे. त्या काळी मोटार हरिसालपर्यंत जाई. तेथून बैरागड चाळीस किलोमीटर, आणि ते पायी. डॉक्टर तेथे जाऊन राहिले. फी किती, तर पहिल्या खेपेस दोन रुपये आणि पुन्हा आल्यास एक रुपया. यावरून लोक त्यांस एक रुपयाचा डॉक्टर म्हणू लागले.

पण लवकरच त्यांच्या ध्यानात आले की शिकलेले पुरत नाही. स्फोटात हात गमावलेला एक मनुष्य तेराव्या दिवशी त्यांच्याकडे आला. त्याच्यासाठी करावयास हवे ते आपणांस येत नाही, हे डॉक्टरांनी स्वतःशी कबूल केले. आम्हांस या कबुलीचे फार महत्त्व वाटते. गरिबाकडे जाणारा मनुष्य बहुधा असे समजतो की आपण गेलो हेच पुष्कळ झाले. थोडे कमी येत असले तरी तेथे खपून जाईल. यांनी तसे मानिले नाही. ते परत फिरले, एम. डी. झाले, आणि तीही रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात. मग ते पुन्हा बैरागडास आले.

आता संसाराचा विचार आला. वधूसाठी त्यांनी चार अटी ठेविल्या. मुलीची चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी असावी. लग्न पाच रुपयांत, नोंदणी पद्धतीने व्हावे. महिना चारशे रुपयांत घर चालवावे. आणि चौथी अट अशी की, स्वतःसाठी नव्हे, पण दुसऱ्यासाठी भीक मागण्याची वेळ आली तर तिने ती मागावी. कित्येक ठिकाणी नकार मिळाले, यात आश्चर्य नाही. नागपुरात स्वतःचा दवाखाना चालविणाऱ्या स्मिताताईंनी या चारही अटी पत्करिल्या. चालता दवाखाना सोडून त्या बैरागडास आल्या. आम्हांस वाटते, डॉक्टरांच्या त्यागाची कथा सांगताना ही गोष्ट पोटात घालून चालणार नाही. डॉक्टर स्वतःच्या निश्चयाने गेले होते. या दुसऱ्याच्या निश्चयात स्वतःचा निश्चय मिळवून गेल्या.

त्यांची खरी परीक्षा पहिल्या बाळंतपणात झाली. गावातल्या इतर बायांप्रमाणेच आपलेही बाळंतपण गावातच व्हावयाचे, असे ठरले, आणि डॉक्टरांनी ते केले. मूल जन्मले, पण मेंदूज्वर, न्यूमोनिया आणि रक्तातले जंतुविष या तिन्हींनी त्यास घेरले. मुलास अकोल्यास न्यावे, असे सर्वांनी सांगितले. डॉक्टरांनी निर्णय पत्नीवर सोपविला. स्मिताताई म्हणाल्या, गावच्या मुलांस जे औषधपाणी मिळते तेच माझ्या मुलास मिळेल. देवदयेने मूल वाचले.

त्यांनी हे बरोबर केले की नाही, याचा निवाडा आम्ही या व्यासपीठावरून करणार नाही. आमच्या घरी असा प्रसंग आला असता तर आम्ही उठून अकोल्याची वाट धरली असती, हे प्रांजळपणे सांगतो. परंतु त्या दिवसापासून गावाने या बाईंस आपली मानिले, एवढे खरे. विश्वास हे औषध कोठल्याही दुकानी मिळत नाही. मिळते तेव्हा त्याची किंमत फार जबर असते.

यापुढची हकीकत दवाखान्याबाहेरची आहे, आणि आम्हांस ती सर्वांत अधिक शिकवून गेली. लोक आजारी गुरे घेऊन डॉक्टरांच्या दारी येऊ लागले. डॉक्टर तो माणसांचा की जनावरांचा, हा भेद त्यांस कोठून असणार? कोल्हे यांनी ‘हे माझे काम नव्हे’ असे म्हटले नाही. पशुवैद्य मित्राकडून ते जनावरांचे उपचार शिकले. मग पिकावरील बुरशीचा प्रश्न आला, तेव्हा अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या मदतीने बियाण्याचा अभ्यास केला. स्वतः शेती करून दाखविली. थोरला मुलगा पुढे शेतकरीच झाला. पावसाळ्यात वाटा बंद पडत, जुने धान्य संपलेले असे, नवे घरात आलेले नसे, आणि नेमका त्याच दिवसांत हिवताप नि जुलाबांचा जोर असे. उपाशी पोरास साधा खोकलाही उचलून नेतो. म्हणून त्यांनी स्वस्त धान्याच्या दुकानात लक्ष घातले आणि पावसाळ्यातही घरोघर शिधा पोचेल अशी व्यवस्था केली. कुपोषणाने मुले दगावतात हे त्यांनी सरकारच्या आणि वृत्तपत्रांच्या कानी घातले. राज्याच्या बांधकाम खात्याचे मंत्री त्यांच्या झोपडीवजा घरी आले आणि घर बांधून देतो म्हणाले, तेव्हा स्मिताताईंनी घराऐवजी रस्ते मागितले. चौथी अट त्यांनी अशी पाळली!

परिणाम काय झाला? ते गेले तेव्हा त्या भागात हजारी दोनशेच्या घरात अर्भके दगावत. पुढे हा आकडा चाळीसपर्यंत उतरला, असे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत म्हटले आहे. हे एकट्या दांपत्याचे काम, असा दावा कोणी करू नये. रस्ते आले, वीज आली, सरकारी आरोग्य केंद्रे आली, दुसरेही सेवाभावी डॉक्टर मेळघाटात गेले. पण कोणीतरी आधी जाऊन बसावे लागते. मग बाकीच्यांस वाट सापडते.

मंडळी, आता आपल्याकडे वळतो. या भागात थोडे कडू बोलावे लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही मंडळी डोंगराकडच्या एका पाड्यावर आरोग्य शिबिर घेऊन गेलो होतो. मंडप होता, फलक होता, छायाचित्रकारही होता. दिवसभर रोगी तपासले, औषधे वाटली, सायंकाळी परतलो. अहवालात तपासलेल्या रोग्यांचा आकडा आला. बरे झालेल्यांचा आला नाही, कारण तो मोजावयास कोणी गेलेच नाही. दोन महिन्यांनी दुसऱ्या कामानिमित्त आम्ही त्याच पाड्यावर गेलो. एका घरी आमच्याच शिबिरातली औषधाची बाटली कोनाड्यात जशीच्या तशी बुचासह उभी होती. औषध केव्हा, किती द्यावयाचे, हे आम्ही त्या माऊलीस मराठीत सांगितले होते, हिंदीतही सांगितले होते. ती मान हलवीत होती. तिची भाषा कोरकू होती. आमच्यापैकी कोणासही ती येत नव्हती, आणि येणारा कोणी बरोबर घ्यावा हे सुचलेही नव्हते. मूल सुदैवाने आपोआप बरे झाले होते. तिने आम्हांस बसावयास खाट टाकली, चहा केला. त्या चहाची चव अजून आमच्या जिभेवर आहे, आणि ती गोड नाही.

म्हणून या महोत्सवाच्या निधीचा प्रश्न आला, तेव्हा आम्ही विश्वस्तांपुढे एक विनंती ठेविली, तीच आज आपणां सर्वांपुढे ठेवितो. नवे सभागृह बांधावे, त्यावर देणगीदारांच्या नावांची शिला बसवावी, असा पुष्कळांचा आग्रह आहे. त्यात वाईट काही नाही. आमच्या वडिलांचेही नाव एका शिलेवर आहे. परंतु खकनार-देडतलाईकडून एखादी बाई अडली म्हणून रात्री शहरात येते, तेव्हा तिच्याबरोबर आलेली सासू कोठे निजते? काय खाते? तिची भाषा समजून डॉक्टरांस सांगणारा कोण असतो? परत जाण्यास पैसे कोण देतो? आणि ती घरी पोचल्यावर आठव्या दिवशी तिची चौकशी कोण करतो? निधीचा निम्मा भाग या पाच प्रश्नांसाठी बाजूस काढावा, कोरकू जाणणाऱ्या दोन भगिनी कायम पगारावर नेमाव्यात, आणि अहवालात दरवर्षी किती रोगी पाहिले याच्याबरोबर किती जणांची पुन्हा भेट घेतली हेही छापावे, एवढेच आमचे मागणे आहे.

आपल्या पूर्वजांच्या या गावात कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमारास सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालून शहरात आणिले गेले. वरून पाहणाऱ्यास नुसत्या विहिरींची रांग दिसते. पाणी वाहते ते खालून. चारशे वर्षे डोंगराने आपणांस पाणी दिले. आता आपणांकडून डोंगराकडे काय जाते, हा हिशेब महोत्सवाच्या वर्षी मांडावयास हरकत नसावी.

प्रत्येकाने बैरागडास जाऊन राहावे, असे आम्ही म्हणत नाही; आम्ही स्वतः गेलो नाही, तेव्हा तसे म्हणण्याचा अधिकारही आम्हांस नाही. परंतु जो तेथे राहिला आहे त्याच्या पाठीशी उभे राहणे, आणि जो तेथून आपल्या दारी येतो त्यास परका न मानणे, हे तर आपल्या हातचे आहे. ती बाटली अजून आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. पुढच्या खेपेस ती रिकामी दिसावी, एवढीच श्रीचरणी प्रार्थना करून आपली रजा घेतो.