लेखणी कोणाच्या हाती होती?



मध्ययुगीन इतिहासलेखनात राजसत्ता आणि धर्मसत्ता यांचा झगडा कसा उमटला, यावर बोला, असं संयोजकांनी सुचवलं होतं. विषय मोठा आहे आणि तुमची जेवणाची वेळ जवळ आली आहे. तेव्हा मी सगळं सांगायच्या भानगडीत पडत नाही. मला एकच प्रश्न विचारायचा आहे. हा झगडा लिहून ठेवताना लेखणी कोणाच्या हाती होती?

काल दुपारी नाशकात उतरलो आणि मुक्कामी जायच्या आधी पांडवलेणी गाठली. गुडघ्यांनी वाटेत दोनदा तक्रार केली, पण तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यापर्यंत पोचलो. गौतमी बलश्रीचा लेख तिथे आहे, तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षातला. आपल्या दिवंगत मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक करताना ही आई त्याला अद्वितीय ब्राह्मण म्हणते, क्षत्रियांचा गर्व उतरवणारा म्हणते, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा म्हणते. आणि हे सगळं कोरलं आहे कुठे? बौद्ध भिक्षूंना दान दिलेल्या लेण्यात! तिथेच व्हरांड्यात खुद्द गौतमीपुत्राचे दोन हुकूम आहेत. गोवर्धनच्या अमात्याला तो कळवतो की भिक्षूंना दिलेल्या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी जमीन खणायची नाही. सहा वर्षांनी दुसरा हुकूम निघतो. आधी दिलेलं शेत कोणी कसत नाही, गावच वसलेलं नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या सरकारी शेतातली १०० निवर्तनं द्या. भिक्षूंनी बहुधा तक्रार केली असावी. सरकारी दान पदरात पडायला तेव्हाही दोन अर्ज लागत होते, असं मनात आलं आणि एकट्यालाच हसू फुटलं.

राजा स्वतःच्या अंमलदारांना धर्मसंस्थेच्या कुंपणाबाहेर थांबवतो, याचा इतका जुना आणि इतका वाचता येण्याजोगा पुरावा या शहराच्या वेशीवर आहे. पण तो हुकूम आहे, दप्तरातला कागद दगडावर उतरवलेला. गोष्ट सांगणारा त्यात कोणी नाही. गोष्ट सांगणारा मधे आला की भानगड सुरू होते.

युरोपात हा गोष्ट सांगणारा बहुतेक वेळा मठातला साधू होता. १०७७ च्या जानेवारीत जर्मन राजा चौथा हेन्री कानोसाच्या किल्ल्याबाहेर पोप सातव्या ग्रेगरीची क्षमा मागत तीन दिवस अनवाणी उभा राहिला. हे रंगवून सांगणारा लांबेर्ट हा हेर्सफेल्डच्या मठातला साधू, आणि राजाचा विरोधक. २९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीच्या चर्चमध्ये आर्चबिशप थॉमस बेकेटचा खून झाला. तो वार अडवताना ज्याचा हात जायबंदी झाला, त्या एडवर्ड ग्रिम नावाच्या धर्मसेवकानेच पुढे ती हकिगत लिहिली. राजा दुसरा हेन्री याने ११७४ मध्ये त्याच चर्चमध्ये साधूंच्या हातून पाठीवर फटके घेतले, ही कथाही धर्माच्या बाजूच्या लेखकांनीच जपली. तिकडच्या बखरीत राजा जवळजवळ कायमचा आरोपीच्या पिंजऱ्यात दिसतो, कारण दौत मठाची होती.

बरोबर पाचशे वर्षांनी, १६७४ मध्ये, रायगडावर एक राजा धर्मासमोर बसला. मे महिना संपत आला होता. चव्वेचाळीस वर्षांच्या, किल्ले आणि दर्यावर हुकमत असलेल्या शिवाजी महाराजांची मुंज लागली. प्रायश्चित्त झालं, राण्यांशी पुन्हा समंत्रक विवाह झाले आणि मग ६ जूनला राज्याभिषेक. विधी सांगणारे गागाभट्ट काशीचे, मूळ घराणं पैठणचं. आता हे आपल्याकडे लिहिलं कोणी? कृष्णाजी अनंत सभासदाने. सभासद महाराजांच्या दरबारातला माणूस. त्याने बखर लिहिली १६९७ मध्ये, जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. ती वाचताना वाटतं की सगळं किती सुरळीत पार पडलं! भट्ट आपण होऊन आले, महाराज सिंहासनाशिवाय आहेत याची त्यांनाच खंत वाटली, वंशाचा शोध झाला, सिसोद्यांचं कूळ निघालं, व्रतबंध झाला, अभिषेक झाला. खर्चाचा आकडासुद्धा तो देतो, १ कोट ४२ लाख होन. भांडणाचा मात्र मागमूस नाही.

आता वेंगुर्ल्याला या. तिथल्या डच वखारीत आब्राहाम ले फेबर नावाचा अधिकारी होता. १६७४ च्याच ऑक्टोबरमध्ये त्याने वरिष्ठांना पत्र पाठवलं. त्यात तो लिहितो की पहिली जात सोडून क्षत्रियांची जात घेतल्याशिवाय या राजाला अभिषेक करायला ब्राह्मण तयार नव्हते. बाजारात, बंदरात, घाटावर लोक काय बोलत होते, ते मिरी आणि कापडाच्या हिशेबात गुंतलेल्या परक्याने चार ओळींत टिपलं. सभासदाला हे ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास बसत नाही. पण तो लिहीत होता कुठे? जिंजीला मोगलांचा वेढा पडलेला, राज्याचा अर्धा भाग हातातून गेलेला, आणि वेढ्यातला तरुण छत्रपती वडिलांचं चरित्र मागतो आहे. अशा वेळी अभिषेकाला कोणी हरकत घेतली होती, हे लिहिणारा कारकून मला तरी शहाणा वाटला नसता.

तिसरा साक्षीदार याहून मजेदार आहे. ‘श्रीशिवराजराज्याभिषेककल्पतरू’ नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे. तो निश्चलपुरी गोसाव्याच्या बाजूचा. निश्चलपुरी तांत्रिक. पहिल्या अभिषेकात गागाभट्टांनी स्थानिक देवतांना विचारलं नाही, म्हणून विघ्नं आली, असा या ग्रंथाचा दावा. मग तो एकेक विघ्न मोजतो. लाकूड पडून खुद्द गागाभट्टांच्या नाकाला लागलं, खांबावरचं लाकडी कमळ निखळून राजपुरोहित बाळंभट्टांच्या डोक्यावर आदळलं. अभिषेकानंतर अकरा दिवसांनी जिजाबाई गेल्या, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. शेवटी २४ सप्टेंबरला, आश्विन शुद्ध पंचमीस, निश्चलपुरीच्या हातून दुसरा अभिषेक झाला. एका राजाला चार महिन्यांत दोन अभिषेक! सभासदाच्या बखरीत हा दुसरा अभिषेक शोधू नका, सापडणार नाही. एका पुरोहिताने दुसऱ्याच्या नाकावरचं लाकूड कौतुकाने नोंदवलं, म्हणून धर्मसत्तेच्या पोटातली भाऊबंदकी आपल्यापर्यंत पोचली.

आपल्याकडे चर्च नव्हतं, हे इथे ध्यानात घेतलं पाहिजे. पोप नाही, एक गादी नाही. धर्मसत्ता म्हणजे काशीचं एखादं पंडित घराणं, पैठणची ब्रह्मसभा, कुठे शंकराचार्यांचं पीठ, कुठे मठ, आणि गावोगाव जातीचं गोत. राजाला एकाशी पटलं नाही तर दुसरा गाठता यायचा. पैठणने नाही म्हटलं तरी काशी होती. उलट बहिष्कार, ग्रामण्य, हे हत्यारही कोणा एकाच्या हातात नव्हतं, त्यामुळे ते काढून घेणंही राजाला जमत नसे.

कधी कधी तर दोन्ही सत्ता एकाच पगडीखाली असत. हेमाद्रीचंच पाहा ना. तो यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे सारं दप्तर त्याच्या हाती, आणि ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या धर्मशास्त्राच्या प्रचंड ग्रंथाचा कर्ताही तोच. त्याच्याविरुद्धची बाजू मांडली ती महानुभावांनी. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोळा केलेल्या ‘लीळाचरित्रा’त पंथप्रवर्तक श्रीचक्रधरांवर पैठणला कशी सभा भरली, त्यात कोण कोण बसलं होतं, ते येतं. मराठी गद्याचा हा आरंभग्रंथ म्हणजे, कोणी मला नावं ठेवा, पण एका अर्थाने आरोपीच्या शिष्यांनी लिहिलेली खटल्याची नोंद आहे. कँटरबरीला धर्मपुरुषाच्या बाजूने लिहिणारा चर्चचा माणूस होता. इथे धर्मपुरुषाच्या बाजूने लिहिणाऱ्यांना धर्मपीठानेच बाहेर काढलेलं होतं.

बखरींकडे परत येतो. मल्हार रामराव चिटणीसांनी १८१० च्या सुमारास, साताऱ्यात, शिवछत्रपतींचं सप्तप्रकरणात्मक चरित्र लिहिलं. राज्याभिषेकाला तोवर सव्वाशेहून अधिक वर्षं लोटली होती. त्यांच्या लेखणीतून अभिषेकाची कथा उतरताना बाळाजी आवजी चिटणीसांचं माप चांगलंच मोठं होतं. बाळाजी आवजी हे त्यांचेच पूर्वज. संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये त्यांना देहदंड दिला होता, आणि या बखरकाराने संभाजी महाराजांचं चित्र किती काळं रंगवलं ते आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगलं. वा. सी. बेंद्र्यांना १९६० मध्ये मोठं चरित्र लिहून ते पुसावं लागलं. शिवाय गागाभट्टांनी कायस्थांच्या धर्माधिकारावर ग्रंथ लिहिला होता. तेव्हा चिटणीसांच्या कायस्थ घरात भट्टांचा अधिकार जितका मोठा, तितका आपल्या जातीचा वेदाधिकारही पक्का. या बखरीत राजाचं प्रकरण चालतं, पण वकील स्वतःच्या घराचीही बाजू मांडून घेतो.

राजवाड्यांनी बखरींना फार तुच्छ लेखलं. अस्सल पत्र दाखवा, बाकी राहू द्या, असा त्यांचा खाक्या. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गावोगाव पायपीट करून गोळा करणाऱ्या माणसाला तसं म्हणायचा हक्क होता. तरीही मी इथे त्यांच्याशी भांडतो. बखरकार कुठे गप्प बसला आणि कुठे गरजेपेक्षा जास्त बोलला, हे कळायला बखरच लागते. सभासदाचं मौन हा १६७४ चा पुरावा कमी असेल, पण १६९७ चा पक्का आहे.

नाशकात बोलतो आहे, तेव्हा गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, काठाला वगळून चालणार नाही. वरच्या अंगाला गंगापूर, खाली आनंदवल्ली. थोरल्या माधवराव पेशव्यांशी बिनसल्यावर त्यांच्या मातोश्री गोपिकाबाई गंगापुरी येऊन राहिल्या. आनंदवल्ली रघुनाथरावांची, म्हणजे राघोबादादांची. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. मेलेल्याची आई आणि संशयिताचा वाडा एकाच नदीवर, हाकेच्या नाही तरी घोड्याच्या टप्प्यात. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना या पापाला देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पुण्याच्या कारभारातून पाय काढला. इथे राजा ब्राह्मण, न्यायाधीश ब्राह्मण, आणि न्यायाधीशाला पगार राजाच्याच खजिन्यातून. बेकेटच्या मागे सारं चर्च होतं. शास्त्रीबोवांच्या मागे कोण होतं? एक धर्मशास्त्राची पोथी आणि स्वतःचा स्वभाव. हा प्रसंग ‘ध’चा ‘मा’ केल्याच्या गोष्टीसकट ग्रँट डफने १८२६ साली इंग्रजीत छापला. रामशास्त्र्यांचा करारीपणा जगाला सांगायला साताऱ्याचा माजी रेसिडेंट लागला, हे मला वेंगुर्ल्याच्या डच पत्राइतकंच बोचतं. धन्याला खुनी म्हणणारी बखर धन्याच्या पदरी राहून लिहिता येत नाही.

सिंहस्थात तर धर्मसत्तेच्या पोटातला तंटा राजसत्तेला मिटवावा लागला. संन्यासी आणि बैरागी यांच्यात आधी स्नान कोणाचं यावरून तंटे पेटले, १७८९ च्या सिंहस्थात रक्त सांडलं, आणि अखेर शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर, वैष्णवांनी नाशकात रामकुंडावर स्नान करायचं अशी पेशवाईत वाटणी झाली. येत्या सिंहस्थाचे रस्ते आखणारा अभियंतासुद्धा तीच वाटणी गृहीत धरून बसला आहे.

आता शेवटचं. काही वर्षांपूर्वी पंचवटीतल्या एका तीर्थोपाध्यायांच्या माजघरात बसलो होतो. समोर लांबट वह्या, लाल बासनात. गाव, आडनाव, बापाचं नाव, आल्याची तिथी, खाली यजमानाची सही. गरिबाची नोंद आणि सरदाराची नोंद एकाच पानावर. वहीच्या पोटात दुमडलेला एक मोडी कागद निघाला. खालचा अर्धा कसरीने खाल्लेला. एका घराण्याचं उपाध्येपण कोणत्या भटजींकडे, यावरचा तंटा होता तो. आणि निकाल कोणी दिला होता? कुठल्याही शास्त्र्याने नाही, सरकारी कमाविसदाराने. धर्मसत्ता आणि राजसत्ता यांचं रोजचं देणंघेणं त्या वीतभर कागदावर होतं. एकाही बखरीत ते येत नाही. घरातल्या आजींनी तो कागद परत घडी घालून होता तिथे ठेवला. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा आजी नव्हत्या, वाडा पाडायला काढला होता, आणि तो कागद कुठे गेला हे कोणालाच सांगता येईना.

म्हणून नाशिककरांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात, माळ्यावर, देवघराच्या मागे मोडी कागदांचा रुमाल असेल, जुनं बाड असेल, उपाध्येपणाच्या वह्या असतील, तर त्या कोणाला देऊ नका, विकू तर नकाच. फक्त उन्हात पसरू नका, चिकटपट्टी लावू नका, आणि फोनवर पानापानाचे फोटो काढून ठेवा. वाचायला माणूस मिळत नसेल तर आम्हाला कळवा. मोडी वाचणारे आम्ही आहोत अजून, आणि नाशिकची गाडी आम्हाला पाठ आहे.