डोमेन कोणाचं, हे कोणाला कळावं?

उद्या तुम्ही स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलंत, तर तुमचा घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर जगातल्या कोणालाही दिसावा का?

नाही ना? पण २०१८ पर्यंत सर्रास दिसायचा. हूइज नावाची जुनी सोय आहे. डोमेन टाकलं की मालकाचं नाव, पत्ता, ईमेल, फोन, सगळं समोर. नेटवर मोजकी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा होत्या तेव्हा ते ठीक होतं. काही बिघडलं तर फोन कोणाला करायचा, एवढाच प्रश्न. पुढे त्याच माहितीवरून "सर, वेबसाइट बनवायची आहे का?" असे फोन यायला लागले. हा त्रास तरी हलका. एखादी मुलगी ब्लॉगवर कोणा बड्या माणसाविरुद्ध लिहिते आणि तिच्या घराचा पत्ता एका क्लिकवर मिळतो, याचं काय?

मे २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर कायदा लागू झाला. डोमेनचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने ऐनवेळी तात्पुरते नियम काढले, आणि नाव-पत्ता झाकला गेला. आपण जिथून डोमेन घेतो त्या कंपन्या, म्हणजे रजिस्ट्रार. त्यातल्या बऱ्याच जणांनी युरोपबाहेरच्यांचीही माहिती झाकली.

आता दुसरी बाजू. "आज रात्री वीज कापणार, लिंकवर बिल भरा." हा मेसेज माहितीये ना? ती साइट कोणाची, हे आता चटकन कळत नाही. तुम्ही म्हणाल, चोर खरा पत्ता देतोच कुठे! बरोबर. पण खोटा ईमेलसुद्धा कामाचा असतो. त्याच ईमेलवर आणखी पन्नास डोमेन घेतलेली असली, तर एका धाग्यावरून अख्खी टोळी हाती लागू शकते. माहिती झाकल्यावर तपास करणाऱ्यांचा नेमका तोच धागा तुटला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आयकॅनने अर्जाची सोय आणली, आरडीआरएस. पोलीस, सुरक्षा संशोधक, ट्रेडमार्कवाले, सगळ्यांसाठी एकच खिडकी. पण ही खिडकी म्हणजे नुसता पोस्टमन हो! माहिती द्यायची की नाही, हे रजिस्ट्रार ठरवणार. आणि त्यात सामील होणंही त्यांच्या मर्जीवर.

माझं मत स्पष्ट आहे. माहिती झाकली हे बरोबर, पण अर्जाला उत्तर लवकर मिळेल याची खात्री नाही, हे चूक. युरोपच्या निस-२ निर्देशात ७२ तासांत उत्तर द्या असं म्हटलंय. नकार असला तर नकार, पण कळवा. शिवाय कंपन्यांची माहिती झाकायचं काही कारणच नाही, जीडीपीआर माणसांसाठी आहे. आणि हो, पोलिसांचं पत्र आलं की सगळं देऊन टाका, असंही नको. पत्रकाराच्या मागे लागलेलं सरकारही पत्र घेऊनच येतं. कोणी मागितलं, कशासाठी, याची नोंद राहायलाच हवी.

तुमचं डोमेन असेल तर आयकॅनच्या लुकअप पानावर टाकून बघा, काय काय दिसतंय ते. डॉट इन घेताय? तिथे आपल्या जागी दुसऱ्याचं नाव लावणारी प्रॉक्सी सेवा चालत नाही. माहिती स्वतःची, खरीच भरा.