पूर, पंचनामा आणि हक्क

(पेठ वडगाव येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा सारांश)

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला एक हक्क दिला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि खडी फोडणारा मजूर याचक न राहता हक्कदार ठरला. त्या कल्पनेचा पहिला प्रयोग सांगली जिल्ह्यातील विसापूरचा. त्याच सांगली-कोल्हापुरात पुढे २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर आले. पूरग्रस्ताच्या पदरात मात्र अजून अनुग्रहच पडतो.

येथील पूर भूकंपासारखा अवचित येत नाही. कृष्णा तुडुंब भरली की हरिपूरच्या संगमापाशी वारणेचे पाणी तुंबते आणि मागे निलेवाडी, खोची, भेंडवड्याच्या शिवारात सावकाश चढते. पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा मिळतो, ४३ फुटांवर धोका. म्हणजे अवधी असतो. तरीही माणसे वेळेवर घर सोडत नाहीत, आणि शहरातील शहाणे त्यांना हट्टी ठरवतात. भूमिहीन कुटुंबाचे सारे भांडवल दावणीला बांधलेले असते. म्हशीला उंचावर निवारा आणि आठवड्याची वैरण यांची हमी नसेल, तर ते भांडवल सोडून कोण जाईल? पूर्वतयारीचा आरंभ गोठ्यापासून व्हावयास हवा.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे घेतलेली गावची बोट उलटली; सतरा जणांचा बळी गेला. गावाने आपल्या परीने तयारी ठेवली होती. दुसरी बोट मात्र वेळेवर पोहोचली नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्र, राज्य आणि जिल्हा या पातळ्यांवर प्राधिकरणे निर्माण केली; गावासाठी वेगळे प्राधिकरण नाही. पाणी ओसरल्यावर येतो तो पंचनामा, आणि तो सात-बारा पाहतो. उसाची भरपाई हेक्टरी मिळते. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्या मजुराच्या बुडालेल्या रोजगाराला त्यात रकाना नाही. तोंडी कराराने जमीन कसणाऱ्या वाटेकऱ्याचीही तीच गत. दुष्काळात मजुरी हा हक्क मानला जातो, मग पुराच्या दिवसांत का नाही?

ही मागणी विधिमंडळात जाईल तेव्हा जाईल. तोवर मेच्या ग्रामसभेत भूमिहीन, वाटेकरी आणि एकट्या स्त्रियांची यादी, त्यांच्या जनावरांच्या संख्येसह, ठरावाने नोंदवून घेणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे.