पाळीने जागणारं घर

घरात लांबलेलं आजारपण असलं की भेटायला येणारी माणसं एक वाक्य हमखास बोलतात. चहा झाला, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून झाला, की निघताना म्हणतात, "धन्य आहे हो तुमच्या सुनेची! किती सोसते!" माझ्या सुनेला हे वाक्य आवडत नाही आणि मलाही ते आवडेनासं झालं आहे. बोलणारा चपला घालून निघून जातो, सोसणारी तिथेच राहते. म्हणून श्रोते मंडळी, आज मला सोसण्याबद्दल बोलायचं नाही. ते घरात वाटून कसं घेता येतं, एवढंच सांगायचं आहे.

आम्ही साताऱ्याचे. माझी नात २०१३ सालची. सहा महिन्यांची असताना तापात तिला पहिली आकडी आली. तापात आकडी बऱ्याच मुलांना येते आणि मूल मोठं झालं की बहुधा थांबते. हिची थांबली नाही. पहिलीच आकडी अर्धा तास चालली. पुढे ताप नसतानाही येऊ लागली, कधी शरीराच्या उजव्या बाजूला, कधी डाव्या. मेंदूचा आलेख काढला, एमआरआय झाला, दोन्ही स्वच्छ. दुसऱ्या वर्षी तिचं बोलणं मागे पडत गेलं. २०१६ साली पुण्यात जनुकांची तपासणी झाली, तेव्हा आजाराला नाव मिळालं : ड्राव्हे सिंड्रोम.

शार्लट ड्राव्हे या फ्रेंच डॉक्टरबाईंनी १९७८ साली या आजाराचं वर्णन केलं. साधारण १५ ते २० हजार मुलांमागे एकाला तो होतो, असं पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्या सांगतात. त्यामागचं जनुक २००१ साली बेल्जियममधल्या संशोधकांना सापडलं. मेंदूत काही पेशी गाडीच्या ब्रेकसारखं काम करतात. इतर पेशी फार उसळू लागल्या की त्यांना आवरतात. या ब्रेकच्या पेशींना काम करायला सोडियमची जी वाट लागते, तीच या मुलांमध्ये अधू असते. ब्रेक कमजोर, म्हणून आकडी. आकडीवरची काही नेहमीची औषधं हीच वाट आणखी बंद करतात. दुसऱ्या मुलांना त्यांनी गुण येतो, ड्राव्हेच्या मुलांचे झटके मात्र वाढू शकतात. आमच्याकडे तसंच झालं होतं. नाव कळल्यावर डॉक्टरांनी औषध बदललं. झटके संपले नाहीत, पण कमी झाले. आजाराचं नाव कळून काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर असतं.

नावाचा आणखी एक उपयोग झाला. मूल आजारी पडलं की आपल्याकडे आधी घराण्याची झडती सुरू होते. "आमच्याकडे कुणाला नव्हतं बाई," असं मांडवातसुद्धा ऐकवलं जातं, आणि ते कुणाला उद्देशून असतं हे सांगायला नको. डॉक्टरांनी समजावलं, की दहातल्या जवळजवळ नऊ मुलांमध्ये हा बदल नव्यानेच घडलेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. आमच्या मुलाची आणि सुनेची तपासणी झाली, दोघांमध्येही तो सापडला नाही. तो कागद मी देवघराच्या खणात ठेवला आहे. दोघीतिघींना काढून दाखवलाही आहे.

लसीचंही तेच. कित्येकदा पहिली आकडी लस दिल्यावर येणाऱ्या तापात येते आणि आई जन्मभर लसीला, नाहीतर स्वतःला, दोष देत बसते. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी, लसीमुळे मेंदूला इजा झाली असं ज्यांच्याबद्दल मानलं जात होतं अशी १४ माणसं तपासली. त्यांतल्या ११ जणांत याच जनुकातला दोष निघाला. तापामुळे आकडी थोडी लवकर आली असेल, आजार मात्र येणारच होता.

आता घराचं सांगते. निदानाच्या वेळी डॉक्टरांनी एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली. या आजारात झोपेत अचानक मूल दगावण्याचा धोका इतर अपस्मारापेक्षा जास्त असतो, आणि बरेचसे झटके रात्री येतात. त्या दिवसापासून माझी सून झोपेनाशी झाली. मुलीच्या छातीवर हात ठेवून पहाटेपर्यंत बसून राहायची. दिवसा चालता चालता भिंतीला धडकायची. एकदा गॅसवर दूध ठेवलं आणि समोर उभी असून तिला ते उतू गेलेलं दिसलं नाही. मला नातीइतकीच सुनेची काळजी वाटू लागली.

मी शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. वेळापत्रक लावण्याची सवय हाडात मुरलेली. एका रविवारी मुलाला आणि सुनेला समोर बसवलं आणि रात्रीच्या पाळ्या लावल्या. माझा मुलगा एमआयडीसीत कामाला, त्याच्या कंपनीच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात, म्हणून आमच्याही बदलतात. दहा ते दोन एक जण, दोन ते सहा दुसरा. आठवड्यातल्या तीन रात्री सुनेने दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. पहिल्या रात्री ती चार वेळा उठून आली. मी तिला चार वेळा परत पाठवलं.

पण नुसतं जागून भागत नाही. जागणाऱ्याला पुढचं सगळं यावं लागतं, नाहीतर तो आईलाच हाक मारणार. म्हणून आम्ही सगळे शिकलो. आकडी आली की आधी घड्याळ बघायचं. मुलीला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा किंवा चप्पल हुंगवून आकडी थांबत नाही. पाच मिनिटं झाली की डॉक्टरांनी लिहून दिलेला औषधाचा फवारा नाकात मारायचा, तरी थांबली नाही तर दवाखाना. हे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलं आहे. शेजारच्या वहिनी शिकल्या, शाळेतल्या बाई शिकल्या. प्रत्येक आकडीची वेळ, ती किती मिनिटं चालली आणि आधी काय घडलं, हे वहीत लिहितो.

त्या वहीने आम्हाला सण शिकवले. गरम पाण्याने, उकाड्याने, अगदी अतिआनंदानेही या मुलांना आकडी येऊ शकते. आता दिवाळीच्या पहाटे उटणं लागतं, तेलही लागतं, पाणी मात्र कोमट. गणपतीची मिरवणूक ती गच्चीवरून बघते. मधली दोन वर्षं डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली कीटोजेनिक आहार चालला. वजनाला चार भाग तूप-तेल, तर प्रथिनं आणि पिष्ट मिळून एक भाग. सगळं काट्यावर मोजून. ज्या घरात अंदाजाने मीठ घालतात, तिथे सायसुद्धा ग्रॅमवर आली. त्या दोन वर्षांत पुरणपोळी कुणीच खाल्ली नाही. तो ठराव माझ्या नातवाने मांडला होता.

या नातवाबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. तो बहिणीपेक्षा तीन वर्षांनी मोठा. अशा घरातलं धडधाकट मूल फार लवकर शहाणं होतं आणि सगळे त्याचं कौतुक करतात. मला त्या शहाणपणाची भीती वाटते. चौथीत असताना त्याने गॅदरिंगमधून आपलं नाव परस्पर काढून घेतलं. विचारलं तर म्हणाला, "त्याच दिवशी तिला आकडी आली तर?" तेव्हा घरात नियम झाला : काहीही झालं तरी त्याच्या कार्यक्रमाला घरातलं एक माणूस जाणार. एकदा मुलगा बहिणीला घेऊन दवाखान्यात होता, सून त्याच्याबरोबर, आणि मी शाळेच्या पटांगणात पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. हात कापत होते, पण वाजवत होते.

कागदपत्रांचंही काम असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमता येते. तिचं प्रमाणपत्र मिळालं, तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळू शकतो. खेटे घालावे लागतात. ते आजी-आजोबांनी घालावेत, असं माझं मत आहे. आमच्याकडे वेळ असतो आणि रांगेत म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी खुर्ची देतं.

गेल्या उन्हाळ्यात माझी सून चार दिवस माहेरी राहून आली, मुलीला न घेता. दहा वर्षांत पहिल्यांदा. तिसऱ्या दिवशी दुपारी आकडी आली. मी घड्याळ लावलं, नातवाने फवारा हातात धरला. साडेतीन मिनिटांत थांबली, फवारा लागला नाही. रात्री सुनेचं जेवण झालं असेल असा अंदाज घेऊन फोन केला आणि सगळं सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, वहीत लिहिलंत ना?"